बलाढ्य शेजारी आणि छोटे राज्य : जंजिऱ्याच्या इतिहासाचा एक अभ्यास

नवी मुंबईतील बेलापूरच्या खाडीकाठी एका जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. हा किल्ला सिद्दींनी उभारला, असे सांगितले जाते. पुढे तो पोर्तुगीजांकडे गेला, अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात मराठ्यांच्या ताब्यात आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी घेतला. एका लहानशा किल्ल्यावर चार सत्तांची निशाणे फडकली यात नवल नाही. मुंबईचे बंदर, ठाण्याची व पनवेलची खाडी, पेण-नागोठण्याचे जलमार्ग आणि दक्षिणेकडील राजपुरीची खाडी हा सारा पट्टा सतराव्या व अठराव्या शतकांत अनेक सत्तांच्या सीमांचा पट्टा होता. या सत्तांपैकी भूप्रदेशाने सर्वांत लहान असलेली सत्ता, म्हणजे जंजिऱ्याचे सिद्दी, ही सर्वांत अधिक काळ टिकली. मोगल साम्राज्य लयास गेले, पेशवाई १८१८ मध्ये संपली, आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० नंतर खालसा झाले. जंजिरा मात्र १९४८ पर्यंत नकाशावर राहिला.

शेजाऱ्याचे लष्करी सामर्थ्य आपल्या कितीतरी पट असताना लहान राज्य आपले स्वातंत्र्य कसे राखते, ते राखण्यासाठी कोणती तडजोड करते आणि त्या तडजोडीचे मोल अखेर कोणास द्यावे लागते, हा राज्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. त्याचा अभ्यास करण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या समुद्रात त्याचे उदाहरण उभे आहे.

दुर्बळ राजाविषयी कौटिल्य

प्राचीन भारतीय राजनीतीने या प्रश्नाचा तपशिलाने विचार केलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील मंडलसिद्धान्तानुसार लगतचा शेजारी हा स्वभावतः प्रतिस्पर्धी असतो आणि त्या शेजाऱ्याच्या पलीकडचा राजा हा स्वाभाविक मित्र ठरतो. परराष्ट्रनीतीची सहा अंगे त्याने सांगितली आहेत : संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव. यांपैकी ‘संश्रय’ म्हणजे अधिक बलवानाचा आश्रय घेणे, तर ‘द्वैधीभाव’ म्हणजे एकाशी तह करून दुसऱ्याशी वैर चालविणे. अर्थशास्त्राचे बारावे अधिकरण सर्वस्वी दुर्बळ राजाच्या वर्तनास वाहिलेले आहे. त्यात आक्रमण करणाऱ्या बलवानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. धर्मविजयी हा शरणागतीने संतुष्ट होतो. लोभविजयी भूमी व द्रव्य घेऊन थांबतो. असुरविजयी मात्र राज्य, कुटुंब आणि प्राण यांवरही हात टाकतो. शेजारी कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखूनच दुर्बळाने आपले धोरण ठरवावे, हा त्या विवेचनाचा इत्यर्थ होय.

सिद्दींनी अर्थशास्त्र वाचले असण्याचा संभव नाही. तथापि त्यांचे अडीच-तीनशे वर्षांचे राजकारण पाहिले, तर संश्रय आणि द्वैधीभाव या दोन शब्दांवर केलेले ते जणू भाष्यच आहे असे वाटते.

बेटाचे बळ

जंजिरा हा शब्द ‘जझीरा’ म्हणजे बेट या अरबी शब्दावरून आला. राजपुरीच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या या बेटावर पूर्वी कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. त्यांचा प्रमुख राम पाटील याला फसवून निजामशाही अंमलदाराने तो घेतला, अशी परंपरागत कथा आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे दगडी तटबंदी झाली. सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतील हबशी. अहमदनगरच्या निजामशाहीत मलिक अंबरासारखा मुत्सद्दी व सेनानी याच समाजातून पुढे आला होता. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली, कोकणचा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीकडे गेला आणि जंजिऱ्याचे सिद्दी विजापूरचे ‘वजीर’ म्हणून त्या किनाऱ्याचा कारभार पाहू लागले.

या ठिकाणाचे लष्करी महत्त्व समजून घेतले पाहिजे. तटाच्या पायथ्याशी चारही बाजूंनी समुद्र असल्यामुळे शत्रूला सुरुंग लावता येत नाही, मोर्चे पुढे सरकविता येत नाहीत. शिड्या लावावयाच्या तर त्या होडीतून लावाव्या लागतात. आत गोड्या पाण्याची मोठी तळी आहेत. त्यामुळे पाणी तोडून किल्ला शरण आणता येत नाही. बुरुजांवर लांब पल्ल्याच्या तोफा होत्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांत समुद्र बंद असतो. वेढा घालणाऱ्या आरमाराला त्या काळात आपापल्या बंदरांत परतावे लागे. म्हणजे दरवर्षी निसर्ग स्वतःच वेढा उठवीत असे.

मात्र या बळाला एक मोठी मर्यादा होती. बेटावर धान्य पिकत नाही. दंडा-राजपुरीचा व त्याभोवतालचा मुलूख हातात असेल, अथवा समुद्रमार्गे रसद येत असेल, तरच शिबंदी जगू शकते. किनारा गेला आणि रसदही तुटली, तर अभेद्य तट निरुपयोगी ठरतो. जंजिऱ्याच्या सर्व परराष्ट्रनीतीचे मूळ या साध्या वस्तुस्थितीत आहे.

स्वराज्याचा शेजार

१६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि पाठोपाठ मराठी आरमाराच्या उभारणीस आरंभ झाला. तेव्हापासून सिद्दीच्या उशाशी एक वाढते लष्करी सामर्थ्य उभे राहिले. महाराजांच्या दृष्टीने जंजिरा जिंकणे हा हौसेचा प्रश्न नव्हता. सिद्दीची जहाजे खाड्यांतून आत शिरत, गावे लुटीत, माणसे धरून नेत. रायगडासारखी राजधानी ज्या प्रदेशात होती, त्याच प्रदेशाच्या किनाऱ्यावर शत्रूचे ठाणे असणे राज्याला परवडणारे नव्हते.

१६६९-७० च्या मोहिमेत दंडा-राजपुरी मराठ्यांच्या हाती होती आणि किल्ल्याची कोंडी झाली होती. जंजिऱ्याचा प्रमुख फत्तेखान हा जहागिरीच्या बदल्यात किल्ला देण्यास तयार झाला. विजापूर दुर्बळ झाले होते; तेथून मदत येण्याची आशा नव्हती. या क्षणी जंजिऱ्यातील इतर सरदारांनी, म्हणजे सिद्दी संबळ, सिद्दी कासिम व सिद्दी खैरियत यांनी, फत्तेखानाला कैद केले आणि विजापूरचा आश्रय सोडून मोगल बादशहाची चाकरी पत्करली. औरंगजेबाने त्यांना मानमरातब दिला, सुरतेहून पैसा व जहाजे यांची मदत सुरू झाली. १६७१ च्या सुमारास सिद्दी कासिमने शिमग्याच्या रात्री अचानक छापा घालून दंडा-राजपुरी परत घेतली.

हा निर्णय बारकाईने पाहण्यासारखा आहे. शिवाजी महाराजांशी तह केला असता, तर जवळच्या बलाढ्य सत्तेचे प्रत्यक्ष नियंत्रण आले असते. दिल्ली दूर होती. बादशहाचे नाव मोठे, पण त्याचा कारकून रोज येऊन किल्ल्याचा हिशेब तपासणार नव्हता. उलट मोगलांना स्वतःचे समर्थ आरमार नव्हते. सुरतेचा व्यापार आणि मक्केकडे जाणारी यात्रेकरूंची जहाजे यांच्या रक्षणासाठी त्यांना सिद्दीची गरज होती. आश्रयदात्यालाही आपली गरज असावी आणि तो पुरेसा दूर असावा, अशा दोन अटी येथे एकत्र आल्या. सिद्दींनी सार्वभौमत्वाची घोषणा कधीच केली नाही. आधी निजामशहाचे, मग आदिलशहाचे, नंतर बादशहाचे चाकर म्हणवीत त्यांनी व्यवहारातील स्वायत्तता सांभाळली. नावातील स्वातंत्र्य सोडून द्यावे आणि व्यवहारातील राखावे, हे त्यांच्या धोरणाचे सूत्र म्हणता येईल.

मराठ्यांचे उपाय

बलवान शेजाऱ्याने काय केले, हेही तितकेच उद्बोधक आहे. समुद्रातील किल्ल्याला समुद्रातील किल्ल्यानेच शह देता येईल हे ओळखून महाराजांनी मुरूडसमोर पद्मदुर्ग उभारला. त्याला रसद वेळेवर न पोहोचविणाऱ्या प्रभावळीच्या सुभेदारास, जिवाजी विनायकास, १६७५ मध्ये महाराजांनी लिहिलेले कडक पत्र प्रसिद्ध आहे. लष्करी मोहीम सैनिकाच्या शौर्याइतकीच कोठारातील धान्यावर आणि मुलकी अंमलदाराच्या तत्परतेवर अवलंबून असते, याची इतकी स्पष्ट साक्ष क्वचितच मिळते. १६७६ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जंजिऱ्यावर मोहीम केली. पद्मदुर्गाच्या लाय पाटील कोळ्याने रात्री तटाला शिड्या लावल्या, पण हल्ला करणारी तुकडी वेळेवर पोहोचली नाही, असे बखरी सांगतात.

१६७९ मध्ये महाराजांनी मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट ताब्यात घेऊन तेथे तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी जहाजे पाठवून विरोध केला. मायनाक भंडारी व दौलतखान यांनी बेट राखले. तेव्हा सिद्दीने जानेवारी १६८० मध्ये शेजारचे उंदेरी बेट व्यापले. दोन लहान बेटे, दोन तटबंद्या आणि मध्ये अरुंद पाणी, अशी ती स्पर्धा पुढे अनेक दशके चालली. हेच खांदेरी २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

संभाजी महाराजांनी १६८१-८२ मध्ये जंजिऱ्यावर निर्वाणीचा प्रयत्न केला. किनारा व बेट यांमधील समुद्र दगडांनी भरून सेतू बांधण्याचे काम हाती घेतले. हे काम चालू असतानाच मोगल सरदार हसन अलीखान कल्याणच्या बाजूला उतरला आणि महाराजांना मागे फिरावे लागले. आश्रयदात्याचे लष्कर मुरूडला आलेच नाही. ते कल्याणला आले, तरी जंजिऱ्यावरील दाब कमी झाला. दूरच्या मित्राचा उपयोग असा होतो. तो प्रत्यक्ष मदतीला धावतो असे नाही. शेजाऱ्याला दुसऱ्या आघाडीवर गुंतवून ठेवतो.

आश्रयाचे मोल

या धोरणाचे मोल मात्र थोडे नव्हते. आश्रय घेतला म्हणजे आश्रयदात्याची युद्धेही घ्यावी लागतात. मुंबईचे इंग्रज हे सिद्दीचे शत्रू नव्हते. त्याचे आरमार पावसाळ्यात मुंबईच्या बंदरात आसरा घेई. इंग्रजांना ते नकोसे वाटे, पण सुरतेच्या वखारीच्या भीतीने ते खपवून घेत. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, रायगडावर आलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडन याने सिद्दीशी समेट करण्याची सूचना मांडली होती. ती मान्य झाली नाही. असे असूनही १६८९ मध्ये इंग्रजांचे मोगलांशी बिनसताच औरंगजेबाच्या आज्ञेने सिद्दीला मुंबईवर चालून जावे लागले. शिवडी-माझगावकडून त्याचे सैन्य उतरले व इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. १६९० मध्ये दंड भरून त्यांनी बादशहाची माफी मिळविल्यावरच सिद्दीने वेढा उठविला. युद्ध केव्हा सुरू करावयाचे व केव्हा थांबवावयाचे, हे दोन्ही निर्णय जंजिऱ्यात झाले नाहीत.

दुसरे मोल किनाऱ्यावरील रयतेने दिले. पेण-नागोठण्याच्या खाड्यांपासून दक्षिणेकडील बाणकोटपर्यंतच्या गावांनी दोन्ही बाजूंच्या स्वाऱ्या सोसल्या. भात कापणीला यावे आणि गलबते दिसावीत, अशी त्या गावांची स्थिती होती. राज्य टिकले हे इतिहासात नोंदले गेले. ते कोणाच्या कष्टांवर टिकले हे कमी नोंदले गेले. छोट्या राज्याच्या चातुर्याचे कौतुक करताना हा भाग अभ्यासकाने दृष्टीआड करू नये.

आश्रयदाता बदलतो

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, म्हणजे १७०७ नंतर, मोगल सत्तेचा दरारा ओसरू लागला. त्यातच जंजिऱ्यात गादीच्या वारसाचा तंटा उभा राहिला. ही संधी साधून १७३३ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मोहीम काढली. राजपुरी हाती आली. १६८९ पासून गेलेला रायगड प्रतिनिधींनी परत मिळविला. परंतु पेशवे व प्रतिनिधी यांच्यात एकवाक्यता नव्हती, सेखोजी आंग्रे मोहीम चालू असतानाच निवर्तले आणि आंग्रे बंधूंत कलह सुरू झाला. इंग्रजांनी जंजिऱ्याला पाठबळ दिले. अखेर तह झाला. अकरा महालांचे उत्पन्न निम्मे-निम्मे वाटले गेले व सिद्दी अब्दुल रहमान यास मान्यता मिळाली. १७३६ मध्ये रेवसजवळच्या लढाईत चिमाजी आप्पांनी सिद्दी सात यास ठार केले. सिद्दींचे आक्रमक सामर्थ्य त्यानंतर पुन्हा उभे राहिले नाही. १७६० मध्ये उंदेरीही मराठ्यांनी घेतली. किल्ला मात्र पडला नाही. १७९१ मध्ये पेशव्यांनी वारसदार बाळूमिया यास सुरतेजवळील सचीनचा मुलूख देऊन त्याच्याकडून जंजिऱ्यावरील हक्क लिहून घेतला. तरीही प्रत्यक्ष ताबा सिद्दी जोहराकडेच राहिला. तोफांनी जे साधले नाही, ते कागदानेही साधले नाही.

येथे आश्रयदाता पालटला होता. दिल्लीच्या जागी मुंबई आली. परंतु दिल्ली दूर होती, मुंबई एका दिवसाच्या गलबताच्या अंतरावर होती. दिल्लीला आरमार नव्हते, मुंबईला होते. पूर्वीच्या आश्रयाच्या दोन्ही अटी संपुष्टात आल्या होत्या. पेशवाईचा पाडाव होईपर्यंत इंग्रजांना शह-काटशहासाठी जंजिऱ्याचा उपयोग होता. १८१८ नंतर तोही उरला नाही. १८३४ मध्ये इंग्रजांनी आपले अधिराज्य जाहीर केले आणि जंजिऱ्याची टांकसाळ बंद केली. पुढे तेथे इंग्रज अधिकारीही नेमला गेला. ज्या सत्तेला शिवाजी महाराज, संभाजी महाराज व बाजीराव यांच्या मोहिमा नमवू शकल्या नाहीत, तिचे स्वातंत्र्य एक तोफही न उडता संपले. समतोल राखणाऱ्याला निदान दोन पारडी लागतात. एकच पारडे उरले की समतोलाची कलाही संपते.

वसईचा तह आणि पुरंदरचा तह

मोठे व छोटे हे शब्द सापेक्ष आहेत. जंजिऱ्याचा बलाढ्य शेजारी असलेले मराठी राज्य मोगलांपुढे छोटे होते आणि पुढे कंपनीपुढे दुबळे ठरले. या दोन प्रसंगी त्याने काय केले, याची तुलना उपयुक्त होईल.

१६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या प्रचंड फौजेपुढे शिवाजी महाराजांनी पुरंदरचा तह केला. तेवीस किल्ले द्यावे लागले, बारा राहिले. परंतु राज्याची फौज, कारभार आणि निर्णयाची शक्ती त्यांनी हातची जाऊ दिली नाही. त्या बळावर १६७० पासून किल्ले परत घेतले गेले आणि १६७४ मध्ये सार्वभौमत्वाची उघड घोषणा झाली. उलट दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला तो होळकरांच्या भीतीने. कंपनीची तैनाती फौज कायम ठेवावयाची, तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यावयाचा आणि इतर सत्तांशी कंपनीला विचारल्याखेरीज व्यवहार करावयाचा नाही, अशी त्यातील कलमे होती. पहिल्या तहात भूमी गेली, पण हात मोकळे राहिले. दुसऱ्यात गादी राहिली, पण हात बांधले गेले. कोणती सवलत परत मिळविता येते आणि कोणती येत नाही, हे ओळखणे हीच दुर्बळाच्या राजनीतीची खरी कसोटी आहे.

जगाच्या इतिहासातही हेच दिसते. एड्रियाटिक किनाऱ्यावरील रागुसाचे छोटे प्रजासत्ताक तुर्की सुलतानास वार्षिक खंडणी देत शतकानुशतके आपला कारभार आपण पाहत राहिले. नेपोलियनच्या सेनेने १८०८ मध्ये ते बरखास्त केले. फिनलंडने १९३९-४० मध्ये सोव्हिएत सैन्याशी झुंज दिली, भूभाग गमावला आणि १९४८ च्या करारानंतर शेजाऱ्याला न दुखविण्याचे धोरण ठेवून आपली लोकशाही जपली. परिस्थिती पालटल्यावर २०२३ मध्ये त्या देशाने ‘नाटो’ संघटनेत प्रवेश केला. फिनलंडच्या धोरणामागे तेथील नागरिकांची संमती होती. जंजिऱ्याच्या धोरणाला तशी संमती कधी विचारली गेली नव्हती.

अखेरचा अध्याय

हा अभाव १९४८ मध्ये स्पष्ट झाला. स्वातंत्र्यानंतर संस्थानातील प्रजा भारतात विलीन होण्यासाठी उठली. नानासाहेब पुरोहित यांच्या नेतृत्वाखालील चळवळीत मोहन धारिया यांच्यासारखे तरुण होते. त्याच वर्षी जंजिरा मुंबई राज्यात विलीन होऊन कुलाबा जिल्ह्याचा भाग झाला. या वेळी तटाची उंची, समुद्राची खोली किंवा दूरचा आश्रयदाता यांपैकी कशाचाच उपयोग नव्हता, कारण मागणी बाहेरच्या शत्रूची नव्हती. ती राज्यातील माणसांची होती.

माध्यमिक शाळांतील शिक्षकांनी हा विषय शिकविताना नकाशा अवश्य वापरावा. बेलापूर, रेवस, खांदेरी-उंदेरी, कुलाबा, पद्मदुर्ग व जंजिरा ही ठिकाणे एका कागदावर मांडली आणि त्यांपुढे कोणत्या वर्षी कोणाची सत्ता होती ते लिहिले, की विद्यार्थ्यांना लष्करी बळ, भूगोल आणि मुत्सद्देगिरी यांचा संबंध व्याख्यानावाचून कळेल. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतील बुरूज, जुनी बंदरे व पाणवठे यांच्या नोंदी करून ठेवल्या, तर रयतेच्या बाजूचा जो इतिहास कमी लिहिला गेला, त्याची साधने तरी जतन होतील.

लष्करी बळ नसलेल्या राज्याला चातुर्य तारते. चातुर्याला भूगोलाचा आणि मित्रांचा आधार लागतो. हे तिन्ही आधार परिस्थितीनुसार बदलतात, कधी एका पिढीतच नाहीसे होतात. लोकांनी आपले मानलेले राज्य संकटात त्यांच्या बळावर पुन्हा उभे राहू शकते. पुरंदरच्या तहानंतरच्या नऊ वर्षांनी ते दाखवून दिले. जंजिऱ्याचा तट आजही समुद्रात भक्कम उभा आहे. त्याच्यामागचे राज्य मात्र ज्या दिवशी प्रजेने नको म्हटले, त्या दिवशी संपले.